गज आणि नखी : ब्लूग्रास गिटारवादनातील परंपरेचा प्रश्न

ब्लूग्रास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन संगीतप्रकारासंबंधी रसिकांसाठी जे लेखन होते, त्यात 'परंपरा' हा शब्द जितक्या वेळा येतो तितक्या वेळा त्याची छाननी होताना दिसत नाही. नील रोझेनबर्ग यांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला इतिहासग्रंथ याला सन्माननीय अपवाद होय. परंतु मुद्रिकांच्या वेष्टनांवरील परिचय आणि महोत्सवांतील निवेदने पाहावीत, तर तेथे या संगीतातील प्रत्येक गोष्ट डोंगरांइतकी जुनी असल्याचा भास निर्माण केला जातो. गिटारवर एकल वाजविल्या जाणाऱ्या फिडलच्या धुनींबाबत हा भास विशेष दृढ आहे. एखादा वादक 'सोल्जर्स जॉय' किंवा 'बिली इन द लोग्राउंड' नखीने झरझर वाजवू लागला की श्रोत्यांस वाटते, आपण दोनशे वर्षांपूर्वीचे काहीतरी ऐकत आहोत. धून खरोखरीच तितकी जुनी असू शकेल. 'सोल्जर्स जॉय' तर रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या काळीही लोकांच्या कानांत होती. मात्र ती गिटारवर अशा रीतीने वाजविण्याची पद्धती, जिला तेथे 'फ्लॅटपिकिंग' म्हणतात, ती आज परिचित असलेल्या स्वरूपात दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. जुना आशय आणि नवे माध्यम यांचा हा संबंध कसा जडला आणि त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषाने करावे, हे दोन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत.

प्रथम धुनीचे स्वरूप पाहू. बहुसंख्य धुनी दोन भागांच्या असतात. प्रत्येक भाग आठ मापांचा असून तो दोनदा वाजविला जातो, म्हणजे बत्तीस मापांत एक आवर्तन पुरे होते. पहिला भाग बहुधा खालच्या सप्तकात घुटमळतो, दुसरा वर चढतो. ही रचना नृत्यासाठी झालेली आहे. नाचणाऱ्या जोड्यांच्या हालचाली आठ मापांच्या मर्यादेत बसतात, आणि धून पुन्हा पुन्हा फिरून येते ती नाच संपेपर्यंत. त्यामुळे तिच्यात आरंभ, विकास आणि परिणती असा कथानकासारखा क्रम नसतो. कुशल वादक प्रत्येक फेरीत थोडा फरक करतो. पण तो इतका बेताने, की नाचणाऱ्याच्या पायास तो जाणवावा आणि तरीही पाय अडखळू नये. टेक्सासमधील एक रॉबर्टसन यांनी १९२२ साली न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीसाठी 'सॅली गुडन' ही धून एकट्या फिडलवर ध्वनिमुद्रित केली. तीन मिनिटांच्या त्या तबकडीत एका साध्या दोनभागी धुनीची डझनभर रूपे येऊन जातात. या परंपरेत 'मूळ पाठ' म्हणून काही दाखविता येत नाही, पाठभेदांची मालिका मात्र दाखविता येते, हे समजण्यास याहून उत्तम साधन नाही. प्राचीन ग्रंथांच्या चिकित्सेत आपण पाठभेद गोळा करून मूळाकडे जाण्याची धडपड करतो. येथे तशी धडपड केली तर हाती येईल तो केवळ सांगाडा, आणि सांगाडा कोणीच वाजवीत नाही.

या तंतुवाद्यवृंदांत फिडल आणि बँजो ही जुनी जोडी. फिडल युरोपातून आलेले, बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी घडविलेला. गिटार मागाहून आली. डाकेने माल पाठविणाऱ्या दुकानांच्या सूचिपत्रांतून ती डोंगरातील घरांत पोचली, आणि वृंदात तिला काम मिळाले ते साथीचे. 'स्किलेट लिकर्स' या १९२० च्या दशकातील वृंदात रायली पकेट हे अंध वादक मंद्र तारांवर ज्या धावत्या स्वरपंक्ती वाजवीत, त्या ऐकताना साथ हीदेखील केवढी बोलकी कला आहे हे कळते. मेबेल कार्टर यांनी १९२८ च्या 'वाइल्डवूड फ्लॉवर' मध्ये अंगठ्याने खालच्या तारांवर चाल आणि इतर बोटाने वरच्या तारांवर ठेका असा मेळ बसविला आणि गिटारला प्रथमच घरोघरी ओळखू येईल असा स्वतःचा आवाज दिला. परंतु ती गीताची चाल होती. फिडलच्या धुनीतील अविरत स्वरप्रवाह नव्हे. पुढे बिल मनरो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वृंदात १९४५ ते १९४८ या काळात अर्ल स्क्रग्ज यांचा बँजो आणि लेस्टर फ्लॅट यांची गिटार एकत्र आली आणि ज्याला आज ब्लूग्रास म्हणतात त्याचा साचा ठरला. त्या साच्यात एकल वादनाची पाळी फिडल, बँजो आणि मँडोलिन यांच्याकडे फिरत राही. गिटार ठेका धरी आणि ओळीच्या शेवटी फ्लॅट यांची ती सुप्रसिद्ध मंद्र स्वरपंक्ती टाकून पूर्णविराम देई. याचे कारण रुचीचे नव्हते, आवाजाचे होते. एका ध्वनिग्राहकाभोवती उभ्या असलेल्या पाच जणांत गिटारच्या एकेका तारेचा आवाज टिकाव धरीत नसे. मार्टिन कंपनीची 'ड्रेडनॉट' ही मोठ्या पेटीची गिटार १९३० च्या दशकात प्रचारात आली तीही प्रामुख्याने साथीचा आवाज भरीव व्हावा म्हणून. (जाता जाता नमूद करण्याजोगी गोष्ट अशी की, ब्राझीलची शिसवी दुर्मिळ झाल्यावर १९६९ च्या सुमारास या कंपनीने भारतीय शिसवी वापरण्यास प्रारंभ केला, त्यानंतरच्या बहुतेक डी-२८ गिटारांच्या पाठी आपल्याकडील लाकडाच्या आहेत.)

आता मुख्य अडचणीकडे वळू. फिडलची धून गिटारवर आणणे म्हणजे केवळ तेच स्वर दुसऱ्या वाद्यावर काढणे नव्हे. फिडलचा प्राण गजात आहे. वादक एका गजात दोन, तीन किंवा चार स्वर ओढतो आणि मग एक स्वर वेगळ्या झटक्याने तोडतो. कोणते स्वर जोडावे आणि कोणता तोडावा, यावरून आघात कोठे पडणार हे ठरते, आणि तो आघात बहुधा अनपेक्षित जागी, सम सोडून, पडतो. एकाच गावातील दोन फिडलवादक तेच स्वर वाजवीत असूनही वेगळे ओळखू येतात ते या गजाच्या वळणामुळे. शिवाय फिडलच्या दोन तारा एकाच वेळी गजाखाली येतात, म्हणून चालीखाली एक अखंड आधारस्वर घुमत राहतो. 'ब्लॅक माउंटन रॅग' सारख्या धुनीसाठी तर फिडलच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या मिळवितात, जेणेकरून मोकळ्या तारांतूनच एक स्वरसंघात उमटावा.

गिटारच्या नखीपाशी यांपैकी काहीही नाही. तिने छेडलेला स्वर उमटताक्षणी विरू लागतो. त्यास ताणता येत नाही, फुगविता येत नाही. सतारीवरील वादक मींडेने ही उणीव भरून काढतो, परंतु पोलादी तारांच्या या गिटारवर द्रुत लयीत मींडेला फारसा वाव नाही. राहता राहिला एकच मार्ग : प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे छेडणे. त्यासाठी नखी मात्रेवर खाली आणि मात्रेच्या अर्ध्यावर वर, अशी घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हलत ठेवावी लागते. स्वर असो वा विराम असो, हाताची हालचाल थांबत नाही. या पद्धतीत स्वच्छता येते, वेग येतो. पण गजाने निर्माण केलेले जोड आणि तोड सपाट होतात. सगळे स्वर एका वजनाचे, एका लांबीचे. मोत्यांची माळ, असे याचे कौतुक नेहमी केले जाते. ते कौतुकच दोषदर्शनही आहे हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण फिडलवरील धून माळेसारखी कधीच नव्हती.

तेव्हा गिटारवरील धून हे एक भाषांतर आहे. भाषांतराच्या समीक्षेत जे प्रश्न उभे राहतात ते सर्व येथे उभे राहतात. उत्तम गिटारवादकांची परस्परांहून भिन्न उत्तरे पाहिली म्हणजे या प्रश्नांचे खरे स्वरूप उघड होते.

पहिले मोठे उत्तर डॉक वॉटसन (१९२३-२०१२) यांचे. नॉर्थ कॅरोलायनातील डीप गॅप येथील हा अंध कलावंत लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाच्या काळात नगरवासी श्रोत्यांपुढे आला तो डोंगराच्या अस्सल आवाजाच्या रूपात. वस्तुस्थिती अधिक मनोरंजक आहे. १९५० च्या दशकात वॉटसन जॅक विल्यम्स यांच्या नृत्यवृंदात विद्युत-गिटार वाजवीत असत. त्या वृंदात फिडलवादक नव्हता आणि नाचणाऱ्यांना चौरस नृत्याच्या धुनी तर हव्या होत्या. ती गरज भागविण्यासाठी वॉटसन यांनी फिडलच्या धुनी गिटारवर बसविल्या. हँक गार्लंड, ग्रेडी मार्टिन यांसारख्या नॅशव्हिलच्या विद्युत-गिटारवादकांचे वादन त्यांच्या कानी होतेच. १९६० साली राल्फ रिंझलर हे संग्राहक क्लॅरेन्स ॲशली यांचे ध्वनिमुद्रण करण्यास त्या भागात गेले असता त्यांची वॉटसन यांच्याशी गाठ पडली. विद्युत-गिटार रिंझलर यांना नको होती; त्यांना जुने संगीत हवे होते. वॉटसन यांनी साधी गिटार हाती घेतली, आणि विजेच्या वाद्यावर, नाचघरात, फिडलवादकाच्या अभावी घडलेली कला लाकडी पेटीतून उमटू लागताच 'परंपरागत' ठरली.

यात कोणी कोणाला फसविले असे सुचविण्याचा हेतू नाही. रिंझलर यांचे ऋण मोठे आहे; त्यांनी आग्रह धरला नसता तर कदाचित वॉटसन यांचे नाव त्या परगण्याबाहेर गेलेही नसते. वॉटसन स्वतः आपण कोठून काय उचलले हे मोकळेपणाने सांगत. आक्षेप आहे तो समीक्षेच्या आळसावर. संग्राहकाची आवडनिवड हीदेखील परंपरेची एक घडविणारी शक्ती असते, आणि तिची नोंद न घेता आपण जेव्हा 'शुद्ध' हा शब्द वापरतो तेव्हा एका व्यक्तीच्या अभिरुचीला सबंध प्रदेशाचा इतिहास मानीत असतो. लोकसाहित्याच्या अभ्यासकांस ही चूक अपरिचित नसावी.

१९६४ च्या 'डॉक वॉटसन' या मुद्रिकेतील 'ब्लॅक माउंटन रॅग' याच दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. ही धूनही समजली जाते तितकी प्राचीन नव्हे. एका जुन्या धुनीच्या आधाराने लेस्ली कीथ या फिडलवादकाने तिला आकार दिला आणि १९४० च्या दशकात कर्ली फॉक्स यांच्या वादनाने ती सर्वतोमुखी झाली. वॉटसन फिडलचा तो खास मेळ घेत नाहीत. गिटारच्या नित्याच्या मेळातूनच वाजवितात. म्हणजे मोकळ्या तारांचा घुमारा गेला, गजाचे वळणही गेले. तरीही धून उणी वाटत नाही, कारण वॉटसन यांनी एक गोष्ट सोडलेली नाही : नाच. त्यांची लय वेगवान आहे, पण पाय टेकावयास जागा ठेवणारी आहे. मात्रेवरील स्वराला किंचित अधिक वजन देऊन ते नखीच्या सपाटपणावर मात करतात. अनेक वर्षे खरोखरीच नाचणाऱ्या माणसांसमोर वाजविल्याखेरीज ही जाण येत नाही.

येथे न्यायाचे एक वाक्य लिहिणे आवश्यक आहे. डॉन रीनो यांनी १९५० च्या दशकातच ब्लूग्रास ध्वनिमुद्रणात गिटारवर एकल वादन केले होते, आणि स्टॅन्ली बंधूंच्या वृंदात जॉर्ज शफलर यांनी तीन तारांवर नखी आळीपाळीने फिरविण्याची पद्धत रूढ केली. वॉटसन एकटे नव्हते. प्रभाव मात्र त्यांचा सर्वांत मोठा पडला.

तो प्रभाव ज्यांच्यावर पडला त्यांत क्लॅरेन्स व्हाइट (१९४४-१९७३) अग्रगण्य होत. लॉस एंजेलिस येथील 'ॲश ग्रोव्ह' मध्ये त्यांनी वॉटसन यांना ऐकले आणि १९६४ साली 'केंटकी कर्नल्स' या वृंदासह 'ॲपलेशियन स्विंग' ही केवळ वाद्यसंगीताची मुद्रिका काढली. तिच्यातील 'बिली इन द लोग्राउंड' वॉटसन यांच्या कोणत्याही ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवावी. व्हाइट स्वर गाळतात. अपेक्षित मात्रेवर काहीच वाजत नाही, आणि तो स्वर क्षणभर उशिरा, आडवा, येतो. वाक्य मापाच्या सीमारेषेवरून पलीकडे ओघळते. गजाने जे अनपेक्षित आघात होत ते नखीने करण्याचा मार्ग व्हाइट यांना विरामात सापडला. शब्दशः भाषांतर सोडून त्यांनी मूळाची बोलण्याची लकब पकडली, असे म्हणता येईल. हा शोध पुरता विकसित होण्यापूर्वीच ते विद्युत-गिटारकडे वळले, आणि १९७३ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली त्यांचा अंत झाला. त्यांची १९३५ सालची मार्टिन गिटार पुढे टोनी राइस यांच्याकडे गेली. या गिटारची कथा रसिकांत इतक्या भक्तिभावाने सांगितली जाते की तिच्यावर काय वाजले याची चर्चा मागे पडते.

टोनी राइस (१९५१-२०२०) आणि नॉर्मन ब्लेक (जन्म १९३८) यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, कारण ते या प्रश्नाच्या दोन टोकांस उभे आहेत. राइस यांनी १९७५ नंतरची काही वर्षे डेव्हिड ग्रिस्मन यांच्या सहवासात जॅझची स्वरसंघातरचना आत्मसात केली. त्यांच्या १९८३ च्या 'चर्च स्ट्रीट ब्लूज' मधील 'जेरुसलेम रिज' ऐकावी. ही मनरो यांनी रचलेली चार भागांची, कोमल स्वरांच्या छायेतील धून. राइस यांचा प्रत्येक स्वर घोटीव आहे, नादाचे सौंदर्य अजोड आहे, आणि वाक्यरचनेतील बुद्धिमत्ता तर वादातीत. परंतु त्यांच्या अनुयायांत, आणि कधीकधी प्रत्यक्ष त्यांच्यातही, धून हे निमित्त बनते. दोन फेऱ्या होताच चाल मागे राहते आणि तिच्या स्वरसंघातांवर रचलेली स्वतंत्र कल्पना पुढे येते. जॅझमध्ये हे रास्त आहे, कारण तेथे तोच संकेत आहे. फिडलच्या धुनीत मात्र चाल काढून घेतल्यावर उरणारे स्वरसंघात दोनचार आणि अगदी साधे असतात. त्यांच्यावर उभारलेले मंदिर शोभिवंत असले तरी पाया उथळ राहतो.

ब्लेक याच्या उलट. त्यांची १९७६ ची 'व्हिस्की बिफोर ब्रेकफास्ट' ही मुद्रिका प्रथम ऐकताना साधी, काहीशी ओबडधोबडही वाटते. नखी तारांवर घासल्याचा आवाज येतो, चालीच्या शेजारच्या तारा मध्येच झणकारतात, स्वर एका वजनाचे नाहीत. सावकाशपणे लक्षात येते की शेजारच्या तारेचा हा झणत्कार म्हणजे फिडलच्या आधारस्वराची गिटारवरील प्रतिकृती आहे आणि वजनातील असमानता ही गजाच्या वळणाची. धून पुन्हा पुन्हा येते, जवळजवळ तीच, आणि प्रत्येक वेळी एखादाच स्वर हललेला असतो. रॉबर्टसन यांच्या १९२२ च्या तबकडीशी नाते सांगणारे वादन, प्रस्तुत लेखकाच्या मते, राइस यांचे नसून ब्लेक यांचे आहे. आणि हे विधान राइस यांच्या थोरवीला बाध आणीत नाही. १९८७ साली दोघांनी मिळून केलेल्या मुद्रिकेत हा भेद एकाच वेळी कानी पडतो. दोन गिटारी, दोन वृत्ती. एक जण धुनीत राहतो आणि दुसरा तिच्यावरून झेपावतो. कोण कोणाच्या आधारावर उभा आहे हे ऐकणाऱ्याने ठरवावे.

हा भेद केवळ अभिरुचीचा राहिलेला नाही. कॅन्ससमधील विनफील्ड येथे १९७२ पासून राष्ट्रीय फ्लॅटपिकिंग स्पर्धा होते. स्पर्धेस मोजता येणारे गुण हवे असतात. वेग मोजता येतो, स्वच्छता मोजता येते. नाचणाऱ्याच्या पायाला मिळणारा आधार मोजता येत नाही, आणि परीक्षकांसमोर कोणी नाचतही नसते. परिणामी, बत्तीस मापांची धून जेथे रात्रभर फिरत राहावयाची तेथे ती तीनचार मिनिटांची, आधीपासून ठरविलेली, चढत्या क्रमाची रचना झाली. तिला आरंभ आणि परिणती प्राप्त झाली. तारांच्या आकड्यांत लिहिलेल्या स्वरलेखनाच्या पुस्तकांनी उरलेले काम केले : वॉटसन यांनी एका दिवशी वाजविलेला एक पाठभेद छापला गेला आणि तोच मूळ पाठ ठरला. आज दूरदेशीचा विद्यार्थी 'ब्लॅक माउंटन रॅग' म्हणून जे घोटतो ते बहुधा वॉटसन यांचे वादन असते. धून त्याने फिडलवर कधी ऐकलेलीच नसते. स्पर्धांनी उत्तम वादक दिले हे नाकारण्यात अर्थ नाही. मॉली टटल या २०१७ साली ब्लूग्रास संघटनेचा गिटारवादनाचा वार्षिक पुरस्कार मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या, आणि त्यांच्या हातात वेगाबरोबर व्हाइट यांच्या विरामाचीही आठवण आहे. नव्या पिढीतील सर्वच वादन यंत्रवत झाले आहे, ही तक्रार म्हणूनच अतिरंजित आहे.

याहून गंभीर अशी एक बाब उरते, ती परंपरेच्या दस्तऐवजाविषयीची. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दक्षिणेतील संगीताच्या दोन सूची केल्या, एक गोऱ्यांच्या संगीताची आणि एक काळ्यांच्या. काळ्या वादकांकडून ब्लूज हवे होते. फिडल-बँजोचे तंतुवाद्यवृंद गोऱ्यांच्या सूचीत गेले. वस्तुतः गुलामीच्या काळापासून नृत्यांत फिडल वाजविणारे अनेकदा काळेच असत. कंपन्यांच्या या वाटणीमुळे काळ्या तंतुवाद्यवृंदांची ध्वनिमुद्रणे फारच थोडी झाली. टेनेसीतील नेथन फ्रेझियर आणि फ्रँक पॅटरसन यांचे वादन १९४२ मध्ये जॉन वर्क यांनी ग्रंथालयासाठी नोंदविले म्हणून ते आपणास ऐकता येते. कार्टर कुटुंबाबरोबर गाणी गोळा करीत हिंडणारे लेस्ली रिडल हे काळे गिटारवादक कार्टरांच्या कीर्तीच्या काळात ध्वनिमुद्रिकांवर आलेच नाहीत. आणि ज्या आर्नल्ड शुल्ट्झ यांच्याबरोबर तरुण बिल मनरो केंटकीतील नाचांत साथीला बसत, ज्यांचे ऋण मनरो पुढे वारंवार बोलून दाखवीत, त्या शुल्ट्झ यांचा १९३१ साली मृत्यू झाला तेव्हा त्यांच्या गिटारचा एकही स्वर मुद्रित झालेला नव्हता.

यामुळे गिटारवादनाच्या वंशावळीत वॉटसन यांच्यामागे जी पोकळी दिसते, ती खरोखरीची पोकळी आहे की दस्तऐवजाची, हे सांगणे कठीण होऊन बसते. आपण उपलब्ध प्रतींवरून संहिता सिद्ध करतो. परंतु येथे प्रतींचे एक संबंध घराणेच लिहून ठेवले गेले नाही. फिडलच्या बाबतीत ही हानी अंशतः भरून निघाली. नॉर्थ कॅरोलायनातील मेबेन येथील जो थॉम्प्सन (१९१८-२०१२) हे काळे फिडलवादक वृद्धापकाळापर्यंत आपल्या घराण्याच्या धुनी वाजवीत होते, आणि २००५ साली तीन तरुण काळे कलावंत त्यांच्यापाशी शिकावयास बसू लागले. 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा वृंद त्यातून जन्मास आला. थॉम्प्सन यांच्या गजात सपाट असे काही नाही. आघात उलट जागी पडतात, स्वर जाणूनबुजून खडबडीत राहतात, आणि लय अशी की ऐकणारा बसून राहू शकत नाही. ब्लेक यांच्या गिटारमधील ज्या असमानतेचा वर उल्लेख केला, तिच्याशेजारी हा गज ठेवून ऐकण्याचे काम फ्लॅटपिकिंगच्या अभ्यासकांनी अद्याप मनावर घेतलेले दिसत नाही.